वहीबकाकांच्या ताब्यातले सतरा डबे

दमनहूरच्या मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. प्रयोगशाळेचे मदतनीस होते वहीबकाका. हात सोन्याचे, पण सरकारी वस्तूला लावायचे म्हटलं की मागे व्हायचे. आमच्याकडे मोडकी वस्तूसुद्धा ज्याच्या ताब्यात, त्याच्याच गळ्यात. समितीने भंगार ठरवेपर्यंत स्क्रूही काढायचा नाही, आणि समिती अकरा वर्षं फिरकली नव्हती. कोठीत काकांच्या नावावर सतरा बंद कंप्यूटर धूळ खात पडलेले, आणि अकरावीच्या मुलींना साधं सर्किट जोडायला कमी व्होल्टची वीज नाही!

“काका, एकाचा पॉवर सप्लाय काढा. पाच व्होल्ट मिळतील.”

“बाई, पेन्शनला चौदा महिने उरलेत माझ्या.”

“आणि प्रात्यक्षिक परीक्षेला चार दिवस. काढा.”

काढला एकदाचा. हिरवी तार काळीला जोडली की तो सुरू होतो, एवढं मला ठाऊक होतं. पण काकांना टापटिपीची भारी हौस. एकेका रंगाच्या तारांच्या जुड्या बांधल्या, आणि एकटी उरलेली बारीक तपकिरी तार बिनकामाची समजून मुळापासून छाटली. मग काय, पंखा गर्रकन फिरायचा आणि बंद पडायचा. दोन दिवस हाच तमाशा. मी फ्यूज तपासला, काकांवर ओरडले, स्वतःवरही. शेवटी दुसऱ्या कंप्यूटरचा डबा उघडून ताडून पाहिलं. तिथे प्लगमध्ये तपकिरी तार नारिंगीच्याच भोकात गेलेली. नारिंगीत किती व्होल्ट आहेत, ते आत कळवणारी तीच; निरोप गेला नाही की सप्लाय आपोआप बंद.

“म्हणजे चहाड्या सांगणारी!” काका म्हणाले. “अगदी माझी मेव्हणी. बारीक म्हणून मी लक्षच दिलं नाही.”

तार जोडली. पंखा फिरत राहिला. तेवढ्यात उपमुख्याध्यापक रिझ्कसाहेब आले.

“कोठीतली वस्तू इथे टेबलावर? आत्ताच्या आत्ता डब्यात बसवा, डबा कोठीत ठेवा.”

“साहेब, परवा परीक्षा आहे,” मी म्हटलं.

“नियम मी केला नाही, बाई.”

काकांनी खाली मान घालून विचारलं, “डबा कोठीतच ठेवला आणि मुलीच आत आल्या तर?”

साहेब दाढी खाजवत निघून गेले; त्यांना यावर नियम सापडेना.

सप्लाय डब्यात गेला, तारा मागच्या फटीतून बाहेर आल्या. परीक्षेच्या दिवशी मुली चौघीचौघींच्या गटाने त्या कोंदट कोठीत शिरत होत्या. “डब्याला टेकू नका गं पोरींनो!” दारातून काकांचा जप चाललेला. चोवीस जणींनी आपल्या हाताने सर्किट जोडलं, मोजलं. शेवटच्या चौघी राहिल्या असताना घंटा झाली. मी दहा मिनिटं मागितली. रिझ्कसाहेबांनी कोठीला कुलूप घातलं.