अवतरणातला आवाज

प्रा. निर्मला आजगेकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते परळच्या आमच्या महाविद्यालयात, पदवीच्या पहिल्या वर्षाला. बाई आमचे निबंध वर्गात मोठ्याने वाचत. वाचता वाचता एखाद्या वाक्यावर थांबत आणि हलक्या आवाजात विचारत, "इथे कोण बोललं?" एके दिवशी माझ्या शेजारच्या मुलाने पुस्तकातलं वाक्य तसंच्या तसं उतरवलं होतं. पण बाईंचा प्रश्न असा काही आला, की वर्गात आणखी कोणीतरी येऊन बसलं आहे असं वाटून मी मागे वळून पाहिलं.

त्या मुलाला बाईंनी नापास केलं नाही. शिवाजी पार्कजवळच्या आपल्या घरी बोलावलं, पोहे खायला घातले, पुस्तक मिटायला लावलं आणि म्हणाल्या, "हे तुमच्या आईला कसं सांगाल, तसं मला सांगा." तो सांगू लागला. "आता हेच लिहा, आणि मूळ कोणाचं ते खाली लिहा." स्वतःच्या शब्दांत मांडणं म्हणजे काय, हे आम्ही असं शिकलो. विद्यार्थ्यांना त्या कायम 'अहो-जाहो' करत.

पुढे मी त्याच विभागात शिकवू लागलो. बाई निवृत्त झाल्या, तरी अडीअडचणीला येत राहिल्या. अशाच एका अडचणीची हकीकत इथे सांगतो.

प्राजक्ता नावाच्या विद्यार्थिनीने भोईवाड्यातल्या एका चाळीवर प्रकल्प लिहिला होता. त्यात हौसाबाई नावाच्या साताऱ्याकडच्या आजींच्या तोंडी हे शब्द होते : "भाकरी झाकून ठेवलेली आसा. दार ओढून घे. भोंगो झालो काय माका उठय." मी ते शब्द पुन्हा वाचले. विद्यार्थी असताना मी त्याच चाळीवर प्रकल्प केला होता आणि हेच शब्द, याच क्रमाने, काशीबाई नावाच्या मालवणी आजींकडून उतरवून घेतले होते. गिरणीतून रात्रपाळी करून आलेल्या मुलाला दुपारी आडवं होताना त्या रोज असं सांगत असत : भाकरी झाकली आहे, दार ओढून घे आणि गिरणीचा भोंगा वाजला की मला उठव. माझा प्रकल्प संपल्यावर थोड्याच दिवसांत काशीबाई वारल्या.

माझा प्रकल्प विभागाच्या कपाटात होता आणि ते कपाट मुलांना खुलं होतं. विभागप्रमुख म्हणाले, "सरळ चोरी आहे. साताऱ्याकडची बाई मालवणी कशाला बोलेल?" प्रकल्प रद्द झाला असता, तर प्राजक्ताचं वर्ष गेलं असतं. ती रडत एवढंच म्हणत होती, "सर, मी तुमचा प्रकल्प उघडलापण नाही."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुळाशी जाऊन विचारू."

दुपारी आम्ही तिघं भोईवाड्यात गेलो. प्राजक्ता ज्या दारापाशी थांबली, ते पाहून मीही थांबलो. खोली काशीबाईंचीच होती. मधल्या काळात ती दोनदा विकली गेली होती, शेजारपाजारही बदलला होता. हौसाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. बाईंनी त्यांना ते शब्द वाचून दाखवले. "हे तुम्ही म्हणालात का?"

"मी कशाला म्हणू? मला कुठं येतीया ती भाषा," हौसाबाई म्हणाल्या. "दुपारच्याला हितं ऐकू येतं. तसं सांगितलं मी हिला."

प्राजक्ता खाली बघत होती. "ते मी गाळलं, मॅडम. आजींना कोणी वेडं म्हणू नये म्हणून."

"कोण बोलतं, आजी?" बाईंनी विचारलं.

"बाईमाणूस हाय. म्हातारं. त्या खाटंपाशी."

"भीती नाही वाटत?"

"आधी वाटायची. आता दार वढून घेते. मग गप होतं."

शेजारून, गावाकडून, टीव्हीवरून कुठून कानावर आलं असेल का, हे बाईंनी निरनिराळ्या तऱ्हेने विचारलं. उत्तर तेच आलं. लिहिता लिहिता बाईंचं पेन थांबलं. मान खाटेच्या दिशेला वळली. बराच वेळ त्या तशाच बसल्या. बाहेर गॅलरीत कोणी कपडे झटकत होतं, एवढंच मला ऐकू येत होतं.

"दार ओढून घ्या," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी घेतलं.

प्राजक्ता पुढे उतरली. जिन्यात बाईंनी मला थांबवलं. "तुम्हाला काही ऐकू आलं?"

"नाही."

"मग तुमच्या नावावर तसं लिहू नका." थोडं थांबून त्यांनी एक नाव उच्चारलं आणि विचारलं, "हे काशीबाईंच्या मुलाचं नाव का?"

ते नाव काशीबाईंनी मला सांगितलं होतं, पण कागदावर आणू नको अशी विनवणी केली होती. मी ते कुठे लिहिलं नव्हतं, कोणाला सांगितलं नव्हतं. मी होकाराची मान हलवली.

"त्यांनी गाळायला सांगितलं होतं?"

"हो."

"मग आपणही गाळू," बाई म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

प्राजक्ताने तो परिच्छेद नव्याने लिहिला : हे शब्द आपल्याला खोलीत ऐकू येतात असं हौसाबाई सांगतात, आणि हेच शब्द पूर्वीच्या एका प्रकल्पात काशीबाईंच्या तोंडी नोंदवलेले आहेत. विभागप्रमुखांनी विचारलं, "आता हे खरं मानायचं का?" बाई म्हणाल्या, "मानायला कोण सांगतंय? आजी बोलल्या, मुलीने नोंदवलं. आपण तेवढंच तपासू शकतो, आणि ते मी तपासलं आहे." प्राजक्ता उत्तीर्ण झाली. आज ती माटुंग्याच्या एका शाळेत मराठी शिकवते.

त्या खोलीत स्वतः काय ऐकलं, हे बाईंनी आजवर सांगितलेलं नाही. बाईंच्या या गौरवग्रंथासाठी ही हकीकत लिहू का, असं मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा. तुम्ही पाहिलंत तेवढं."

तेवढंच लिहिलं आहे. बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे शब्द आम्हाला अजून पुष्कळ वर्षं त्यांच्याच तोंडून, त्यांच्यासमोर बसून ऐकायला मिळोत.