काटा शून्याच्या डावीकडे

शनिवारी सकाळी माझ्या नवऱ्याला आडवं होता येईना. पाठ टेकली की श्वास अडकायचा. नणंदेच्या ओसरीवर खांबाला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून हे बसले होते. पायांवर बोटाने दाबलं की खड्डा पडत होता आणि तो भरून यायला वेळ लागत होता.

यांच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन तीन वर्षं झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार पुण्यात डायलिसिस. नणंदेचे यजमान अचानक गेले म्हणून गुरुवारी पहाटे आम्ही सुप्याच्या आत आठ किलोमीटरवर असलेल्या तिच्या गावी निघालो होतो. संध्याकाळी परत यायचं, शुक्रवारी सकाळी यंत्रावर बसायचं, असं ठरलेलं होतं. त्याच दुपारी टँकरवाल्यांचा संप सुरू झाला आणि हायवेवरचे पंप एकामागून एक कोरडे पडले. येताना भरून घेऊ असं म्हणून मी टाकी अर्धीही भरली नव्हती. माझंच चुकलं.

शुक्रवार सगळा फोन करण्यात गेला. एसटी बंद होत्या. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, परत केव्हा येईल ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. नगरच्या बाजूला रस्ता अडवलेला, आणि तिथे दोन ठिकाणी विचारलं तर नव्या रुग्णासाठी यंत्र रिकामं नव्हतं. पुण्यातल्या आमच्या दवाखान्यातली सिस्टर मात्र सारखं एकच सांगत होती, कसंही करून आणा, उद्या दुपारच्या आत आणा.

आमची गाडी म्हणजे यांचं एकुलतं एक वेड. हे खडकीच्या कारखान्यात मशीन शॉपला, राहायला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. आजारपणाच्या आधी यांनी एक जुनी, दोन दारांची, लाल, टर्बो असलेली स्पोर्ट्‌स कार घेतली होती. क्वार्टर्समधल्या लोकांना ती शोभून दिसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पुढे डायलिसिसच्या सुया डाव्या हाताला टोचायला लागल्या. डावा म्हणजे गिअर टाकायचा हात. तेव्हापासून गाडी माझ्याकडे आली. दर रविवारी हे मला शिकवायला बाहेर काढायचे आणि दर रविवारी आम्ही भांडून परत यायचो. मी ॲक्सिलरेटर दाबला की म्हणायचे, "गॅसची शेगडी नाहीये ती, बारीक-मोठी करायला."

शिकवलेलं पुष्कळसं मी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं होतं. एवढं कळलं होतं की टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो जोरात फिरला की इंजिनात जास्त हवा कोंबतो आणि त्या हवेबरोबर पेट्रोलही जास्त जातं. डॅशबोर्डवर त्याचा वेगळा काटा होता. शून्याच्या डावीकडे असेल तर टर्बो गप्प, उजवीकडे गेला की काम करतोय.

नणंदेच्या शेजाऱ्यांनी आपापल्या मोटरसायकलींतून नळीने काढून दीड लिटर पेट्रोल दिलं. ते टाकल्यावर, आहे त्या पेट्रोलवर किती जाता येईल तो आकडा गाडीने दाखवला, बहात्तर किलोमीटर. दवाखाना पंच्याण्णव किलोमीटरवर होता. नणंद तीन दिवस रडून सुजलेली, तिने यांच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "वहिनी, माझ्याकडं आता रडायला बी काय राहिलं न्हाय. ह्याला पोचव." मी हो म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, मला माहीत नाही.

सीट जवळजवळ सरळ करून यांना बसवलं. एसी बंद, काचा वर, कारण उघड्या काचेने गाडी हवेला अडते असं यांनीच सांगितलं. गावचा रस्ता संपून हायवेला लागल्यावर हे एकेक वाक्य, मध्ये श्वास घेऊन, सांगायला लागले. तो आकडा माझ्या चालवण्यावरून काढलेला आहे, त्याच्याकडे बघू नकोस. सहाव्या गिअरमध्ये ऐंशी धर, दोन हजार आरपीएम. काटा शून्याच्या डावीकडे राहू दे. चढ आला तर पाय दाबू नकोस, पाचवा घे. वेग साठवर आला तर सहावा सोडून दे, इंजिनाचे फेरे खाली पडलेले असताना दाबलंस तर टर्बो त्याला मारून टाकेल.

मी विचारलं, खालच्या गिअरमध्ये आरपीएम वाढून पेट्रोल जास्त नाही का जाणार. मला खरंच वाटत होतं की सहावा धरून ठेवला की झालं.

"थोडं जास्त जाईल," हे म्हणाले. "पण चढावर सहाव्यात पाय पुरता दाबलास तर त्याहून जास्त जाईल. आणि इंजिन फुटलं तर पेट्रोल शिल्लक राहून काय करायचंय?"

त्या आजारपणातही बोलण्याची ती तऱ्हा गेली नव्हती. मला राग आला आणि रडूही आलं. मी दोन्ही गिळलं आणि रस्त्याकडे बघितलं.

रस्ता कधी नव्हे इतका रिकामा होता. शिरूरपर्यंत सगळं यांच्या सांगण्याप्रमाणे झालं. चढ दिसला की हे दोन बोटं किंचित उचलायचे, मी पाचवा टाकायची, सुई अडीच हजारावर जायची, टर्बोचा काटा शून्याला टेकून थांबायचा. उतारावर पाय पूर्ण काढायचा. नदीच्या पुलावर आलो तेव्हा पस्तीस किलोमीटर गेले होते आणि आकडा फक्त बावीसने उतरला होता. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. यांनी मान हलवली. ओठ निळसर दिसत होते.

रांजणगावच्या पुढे बोटं उठायची थांबली. मी हाक मारली, अहो, चढ येतोय. मान खिडकीकडे कललेली, छाती भराभर वरखाली होत होती, प्रत्येक श्वासाबरोबर आतून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. थांबावं की पुढे जावं? थांबून कुणाला हाक मारणार होते? मी पाचवा टाकला. यांनी सांगितल्याशिवाय मी पहिल्यांदाच गिअर बदलला होता.

मग मी काट्याकडे बघणं सोडलं, कारण रस्ता, यांचा चेहरा आणि काटा तिन्ही ठिकाणी बघता येईना. कान लावले. इंजिन जड आवाज काढायला लागलं की खाली, भुणभुणायला लागलं की वर. शिक्रापूरच्या अलीकडे एक ऊस भरलेला ट्रॅक्टर आडवा आला. वेग पंचावन्नवर उतरला, मला कळलं होतं की गिअर बदलायला हवा. पण समोर मोकळी फट दिसली आणि माझा धीर सुटला. सहाव्यातच पाय पुरता खाली दाबला. गाडी पुढे गेली नाही. बॉनेटखाली डब्यात खडे हलवावेत तसा खडखडाट झाला, टर्बोचा काटा उजवीकडे फेकला गेला आणि समोरून टेम्पो येताना दिसला.

"चौथा," हे म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

मी क्लच दाबला, चौथा टाकला, गाडी उसळली आणि आम्ही ट्रॅक्टरच्या पुढे निघालो. परत पाचवा टाकताना दोनदा चुकला. त्या एका दाबण्यात किती पेट्रोल गेलं ते मी बघितलं नाही. यांना म्हटलं, चुकलं माझं. त्यानंतर दवाखान्यापर्यंत यांचा आवाज मी ऐकला नाही.

वाघोलीला पोचलो आणि रस्ता भरला. एका पंपावर थोडं पेट्रोल आलं होतं आणि त्याची रांग हायवेवर येऊन पसरली होती. आता सहावा नाही, पाचवा नाही. पहिला, थांब, पहिला, थांब. ऐंशी किलोमीटर जपून जपून वाचवलेलं पेट्रोल मी तिथे जागच्या जागी जाळत होते. इंजिन बंद केलं तर परत चालू होईल का याची खात्री नव्हती. मी हॉर्न वाजवला, काच खाली करून पेशंट आहे म्हणून ओरडले. एका माणसाने गाडीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "असल्या गाडीतले पेशंट आम्ही रोज बघतो." त्याला काय बोलणार? तो स्वतः दोन तास उन्हात उभा होता.

चौकाच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

मी उतरले. यांच्या बाजूचं दार उघडलं, यांना उचलायला गेले, जमलं नाही. रस्त्यात उभी राहून मी रडायला लागले, तशी एक रिक्षा उलट दिशेने येऊन थांबली. चालक पांढऱ्या दाढीचे, साठीच्या पुढचे गृहस्थ होते. त्यांनी फक्त यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "सीएनजी आहे ताई, काळजी करू नका," म्हणाले आणि यांच्या काखेत हात घातला. पंपाच्या रांगेतला तो मघाचा माणूसच दुसऱ्या बाजूने आला. दोघांनी मिळून यांना मागच्या सीटवर बसवलं. लाल गाडी चावीसकट तिथेच राहिली. चावी काढायची असते हे मला दवाखान्यात पोचल्यावर आठवलं.

रिक्षावाले काका फुटपाथवरून गेले, उलट्या बाजूने गेले, एका ठिकाणी पोलिसाला हाताने बाजूला हो म्हणाले. मी यांचं डोकं खांद्यावर धरून होते आणि मनात एकच घोकत होते, श्वास घ्या, श्वास घ्या.

यंत्रावर घेतल्यावर चार तासांत साडेचार लिटर पाणी काढलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आणखी तासभर उशीर झाला असता तर घशात श्वासाची नळी घालावी लागली असती, आणि त्यानंतरचं काही सांगता आलं नसतं. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, कालचं डायलिसिस चुकवलंच कसं.

संध्याकाळी यांना बोलता यायला लागलं. गाडी कुठे आहे, हे यांनी विचारलं नाही.

"मला भीती वाटत होती," मग म्हणाले. "तुझ्या चालवण्याची नाही."

मी कॉटच्या कडेला बसले. गाडी चोरीला गेली नव्हती. सोमवारी मी कॅन घेऊन गेले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला नीट ढकलून ठेवलेली होती, चावी समोरच्या चहावाल्याकडे. पण ती परत आणल्यावर हे एकदाही तिच्यात बसले नाहीत. आम्ही रिक्षाने जायला लागलो आणि शहराबाहेर जाणं बंदच केलं. नणंदेच्या घरच्या वर्षश्राद्धालाही गेलो नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात कोथरूडचा एक तरुण गाडी बघायला आला. त्याला चालवून मीच दाखवली, कागदांवर सह्या यांनी घरात बसूनच केल्या. तो गाडी घेऊन क्वार्टर्सच्या फाटकातून बाहेर पडला तेव्हा हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. निदान तसे पडले तरी होते. मी जाऊन यांच्या पाठीवर हात ठेवला आणि श्वास मोजत बसले.