आठव्या दिवशी बंद केलेली गोळी

कमलआजी, म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, गेली त्याला महिना झाला. त्या दुपारी धामणगाव बढ्याहून तिच्या मुलाचा फोन आला, "मामी, आई गेली." हृदयविकार होता, दुसरं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं... तरी माझं मन सहा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याकडेच धावतं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही.

गावभर बोलणारी ती बाई त्या साली गप्प झाली. वेणी घालेना, शेतात जाईना. "मले काई वाटूनच नाई राह्यलं, वहिनी," एवढंच म्हणे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या आणि ती आमच्याकडेच राहिली. आठ दिवसांत तिला मळमळू लागलं, तोंड कोरडं पडलं. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली; खोक्यातला कागद चष्मा लावून वाचला, दुष्परिणामांखाली लाल पेन्सिलीने रेघा मारल्या आणि म्हटलं, "बंद कर. सवय लागेल."

"तुमाले इंग्रजी येते. तुमी म्हणान तसं," ती म्हणाली. डॉक्टरांना विचारायचं मला सुचलंच नाही.

पुढचे चार महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. शेवटी मीच तिला पुन्हा घेऊन गेले. डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "त्रास आधी होतो, गुण यायला काही आठवडे लागतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. पण थांबवायच्या तर मला विचारून, हळूहळू." गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सहाव्या आठवड्यात जेवताना तिने हात थांबवला. "वहिनी, हे भरीत हाय का बिमाराचं पथ्य? मिरच्या सरल्या का घरातल्या?"... मी ओट्याकडे तोंड करून रडले.

तुमच्यापैकी कुणाला कधी अशी गोळी लागली, तर आजीला विचारू नका. डॉक्टरांना विचारा.

ती आपल्या घरी गेल्यावर रोज सकाळी नऊला तिचा फोन यायचा. "घेतली हो, वहिनी." मी "बरं" म्हणायचे. "माझं चुकलं" म्हणायला तेवढाच वेळ लागला असता... उद्या म्हणू, असं साडेपाच वर्षं चाललं. आता नऊ वाजले की मी फोन घेऊन खिडकीपाशी उभी राहते. वाक्य तोंडात तयार असतं.