मामा झोपत नव्हते

"थांबायची वाट बघू नका. तो थांबत नसतो."

तराजूच्या काचेच्या पेटीसमोर तळहात आडवा धरून मामा हे म्हणायचे. अकरावीची मुलं पहिल्यांदा प्रयोगशाळेत आली की काटा थांबेल म्हणून श्वास रोखून उभी राहत. कुणी पेटीला हळूच टिचकी मारी. मग मामा पुढे येत, पंखा बंद करत आणि समजावत. काटा डावीकडे कुठवर गेला ते लिहा, उजवीकडे कुठवर गेला ते लिहा, असं पाच वेळा करा आणि मधली जागा काढा. तोच रेस्ट पॉइंट. काटा तिथं थांबलेला नसतो, नुसता तिथून जात असतो.

"मग मामा, तो रेस्ट कसला?" एखादी मुलगी विचारायचीच.

"कागदावरचा. खरा लई लांब हाय. आदी जर्नल पूर्ण कर."

मामा म्हणजे आमच्या ज्युनिअर कॉलेजचे लॅब अटेंडंट. मी तिथं भौतिकशास्त्र शिकवतो, अजूनही. अशा एखाद्या मामांच्या देखरेखीखाली तुम्हीही प्रयोग केले असतील. जर्नलवर सही करायचा अधिकार त्यांना नसतो, पण कुठल्या भिंगाला चरा आहे आणि कुठल्या मीटरची सुई अडकते हे फक्त त्यांनाच माहीत असतं. आमचे मामा उंच, खांद्यात जरा वाकलेले. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी तराजूची पारडी झाडायचा मऊ ब्रश.

एकदा वर्गात मी सापेक्ष गती शिकवत होतो. पूर्णपणे स्थिर असं विश्वात काहीच सापडत नाही, एखादी वस्तू स्थिर आहे म्हणायचं तर कशाच्या तुलनेत ते सांगावं लागतं, आणि बघणारा कुठं उभा आहे तेही. मामा दारात उभे राहून ऐकत होते. तास संपल्यावर म्हणाले, "सर, पूर्ण स्थिर काहीच नाय म्हणलात. पक्कं का?"

"पक्कं."

"मग जरा चला."

प्रयोगशाळेला लागून तराजूंची लहान खोली आहे. वारा येऊ नये म्हणून तिला खिडकी नाही. मामांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, शेजारी दुसरं पसरलं आणि म्हणाले, "बसा."

मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की ते तिथं दहा मिनिटं डोळे मिटून बसत, हे मला माहीत होतं. कधीतरी दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जाऊन आले होते, तेव्हापासूनची सवय. पडेगावला त्यांच्या घराजवळच्या विहारात दर रविवारी बसणारी माणसं होती. मी उत्सुकतेपेक्षा संकोचानं बसलो. मिनिटभरात नाकाच्या शेंड्याला खाज सुटली.

"खाज आली?" मामांनी डोळे न उघडता विचारलं.

"आली."

"आली तशी जाईल. बगत ऱ्हावा."

मी हट्टी. बाहेर येताना म्हणालो, "मामा, तुम्ही इथं शांत बसलात तरी पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटर पळतेय. तुम्हीही पळताय."

"पळू द्या की तिला. तिला तिची वाट ठाऊक हाय. तुमचं काय ते बोला."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. नंतर चार वर्षं जात राहिलो. दार आतून लोटलेलं, दोन वर्तमानपत्रं, दहा मिनिटं. त्या काळात माझा रक्तदाब वाढलेला, झोप उडालेली. डोक्यात कायम पुढचा तास, पुढची बॅच. त्या खोलीत कधीकधी, महिन्यातून एकदा असेल, आतलं सगळं हळू होत होत काही क्षण काहीच हलेनासं व्हायचं. मी मामांना ते सांगितलं आणि माझ्या विषयाला धरून विचारलं, "पण हे स्थिर कशाच्या तुलनेत?"

ते बराच वेळ ब्रश तळहातावर घासत राहिले. "तिथवर मी काय पोचलो नाय सर. पण पोचलेले सांगतात, तिथं तुलना करायला कुणी उरतच नाय. बगणारा पण नाय. मग तुमचा फळा पुसायचा की ठिवायचा, तुम्ही ठरवा."

माझ्या घरी आत्मा अचल आहे असं ऐकत मी वाढलो. मामांच्या घरी आत्मा ही गोष्टच नव्हती. आम्ही यावरून भांडायचो, तेही हसत. आता मी मुद्द्यावर येतो. आजवर हे पूर्ण कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

आम्हा अनुदानित शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला बंदी आहे. मी घेत होतो. सिडकोत एका क्लासमध्ये दुपारी चारची बॅच माझी होती आणि कॉलेजात प्रॅक्टिकलचा शेवटचा तास साडेचारपर्यंत चाले. मंगळवारी आणि शुक्रवारी मी पावणेचारला निघायचो. जाताना म्हणायचो, "मामा, बघा जरा." मामा म्हणायचे, "व्हय, निघा."

अशाच एका शुक्रवारी वाफेच्या भांड्याची रबरी नळी निसटली आणि एका मुलीचं मनगट भाजलं. मामा पलीकडच्या टेबलावर दुसऱ्या गटाचा तराजू लावून देत होते. धावत येऊन त्यांनी तिचा हात नळाखाली धरला आणि कार्यालयात निरोप पाठवला. प्राचार्य आले. पहिला प्रश्न, "सर कुठं आहेत?"

मामा म्हणाले, "आत्ताच स्टोअरमधी गेले जी, नवी नळी आणायला." आणि बाहेर येऊन मला फोन केला. वीस मिनिटांत मी नवी नळी हातात घेऊन हजर होतो. कुणालाही शंका आली नाही.

मुलगी बरी झाली. पण तिच्या वडिलांनी सिल्लोडहून येऊन लेखी तक्रार दिली: लक्ष द्यायला कुणी नव्हतं. चौकशी बसली. आता मी कागदोपत्री जागेवर होतो, म्हणजे हलगर्जी दुसऱ्या कुणाची तरी असणार. उपप्राचार्यांना आठवलं की मी नसताना तराजूच्या खोलीच्या उघड्या दारातून त्यांनी मामांना भिंतीला टेकून डोळे मिटलेलं दोनतीनदा पाहिलं होतं. ड्यूटीवर झोपतात, एवढं वाक्य तयार व्हायला त्याहून जास्त काही लागलं नाही.

प्राचार्यांच्या खोलीत आम्ही चौघं. मामा उभे, बाकीचे बसलेले.

"साहेब, मी झोपलेलो नव्हतो. त्या टायमाला तर मी टेबलावर होतो. आन् दुपारच्याला डोळे मिटतो ती झोप नाय, बसणं हाय. सरांना इचारा." माझ्याकडे वळून ते अगदी निश्चिंत हसले. "सर पण बसतात ना माझ्यासंगं. चार वर्षं झाली."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. उपप्राचार्यांनीही पाहिलं, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

तुम्हाला वाटेल, मला शिकवणीची भीती वाटली. वाटलीच. एका प्रश्नातून दुसरा निघाला असता. पण तेवढंच कारण सांगितलं तर ते पुन्हा अर्धंच होईल. आमच्या स्टाफरूममध्ये कोण कुणाच्या डब्यातलं खातो, कोण कुणाशेजारी बसतो, हे न बोलता पाहिलं जातं. एका शिपायाशेजारी, आणि त्यातून मामांच्या वस्तीतल्या माणसाशेजारी, मी चार वर्षं जमिनीवर बसतोय हे त्या कोपऱ्यातल्या हसण्यासमोर कबूल करणं मला जमलं नाही. चार वर्षं दार आतून लोटून कोण घेत होतं? मामा नव्हे, मी.

मी म्हणालो, "मी कधी बसलो नाही. डोळे मिटलेले मात्र पाहिलेत."

मामांचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, विसरून राहिल्यासारखं. मी स्टोअरमध्ये नव्हतो, हे एक वाक्य त्यांच्याजवळ होतं. ते त्यांनी वापरलं नाही.

त्यांना प्रयोगशाळेतून काढून संस्थेच्या लासूर स्टेशनच्या शाळेत फाटकावर पाठवलं. जायच्या दिवशी चाव्यांचा जुडगा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"सर, मी तुमच्यासाठी खोटं बोललो. तुम्हाला तर फक्त खरं बोलायचं होतं."

मी चाव्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. काहीतरी हालचाल करायची म्हणून.

मी शिकवणी सोडली, पण उगाच. त्यानं काही परत येत नव्हतं. तराजूच्या खोलीत एकदा एकटा बसून पाहिलं, दोन मिनिटांत उठलो. चारेक वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी लासूरला गेलो तेव्हा मामा फाटकाशी खुर्चीवर होते. मला पाहून उभे राहिले, कारण फाटकावरच्या माणसानं उभं राहायचं असतं. मी विचारलं, "अजून बसता ना दुपारचं?"

"नाय. डोळे मिटले की कुणी तरी येऊन बगतंय असं वाटतं. घरी बी नाय होत आता."

मी माफी मागू लागलो. त्यांनी हात वर केला.

"मला नगा सांगू. मला म्हाईतच हाय की. ज्यांच्यासमोर बोललात त्यांना लिहून द्या. मामा झोपत नव्हते. एवढंच. माझ्या रिटायरमेंटच्या आत द्या."

मी त्याच आठवड्यात लिहिलं. पानभर, मी शेजारी बसायचो तेही. मग विभागप्रमुखपदासाठी माझं नाव पुढे आलं आणि ते पान मी वर्षभर बॅगेत फिरवलं. मामा निवृत्त झाले. पान बॅगेतच. पुढच्या उन्हाळ्यात कळलं, मामा गेले. हृदयविकार, दवाखान्यात पोचायच्या आत.

मग मी ते पान कार्यालयात दिलं. कारकुनानं वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सर, माणूसच राहिला नाही. आता हे कशाला काढताय? तुम्हीच अडचणीत याल." मी म्हणालो, आवकचा शिक्का मारा. त्यानं मारला. त्यावर पुढे काही झालं नाही, अडचणसुद्धा नाही.

शिक्क्याची प्रत घेऊन पडेगावला गेलो. मामांच्या पत्नी मला ओळखत नव्हत्या. प्रयोगशाळेतला सर आहे म्हणालो तेव्हा त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं. प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचली, दोनदा.

"म्हंजी हे खरंच झोपत नव्हते?"

"नाही."

"मला सांगायचे ते. लई येळा सांगायचे." त्या कागदाकडेच बघत होत्या. "पण साहेबलोकांनी लिहून दिलेलं. एवढे शिकलेले सर खोटं कशाला बोलतील, असं मी त्यांनाच म्हणायची. दुपारी जरा पडले तरी म्हणायची, झोपा, झोपेपायी चांगली लॅब घालवली. मग त्यांनी सांगायचं सोडून दिलं."

कागदाची घडी घालत त्या म्हणाल्या, "तुम्ही संगं बसायचात ना? कसे बसायचे, दाखवा बरं."

मी खुर्चीवरून उतरून जमिनीवर मांडी घातली. पाठ सरळ केली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. बाहेर दौलताबादच्या रस्त्यावर गाड्या जात होत्या. त्या समोर बसून मला निरखत असाव्यात.

"झोपल्यावानीच दिसतंय की हो," त्या हळूच म्हणाल्या.

मी डोळे उघडले नाहीत.