पायांवरची आंघोळ

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या वर्षी मी साताऱ्याहून नर्सिंग शिकून सांगलीतल्या एका अनाथ बालकांच्या संस्थेत लागले. बारा पाळणे, दोन आया आणि मी. पोरं उचलून घ्यायची नाहीत, हाताची सवय लागते, असा तिथला नियम. दुधाची बाटली दुपट्याच्या घडीला टेकवून तोंडात द्यायची आणि पुढच्या पाळण्याकडे वळायचं. मी तो नियम डोळे झाकून पाळला. नवी होते, आणि पास झाल्याचा तोराही होता.

त्यातली एक मुलगी कवठे महांकाळच्या एसटी स्टँडवर सापडलेली. दीड वर्षाची झाली तरी बसत नव्हती. पडून पडून डोक्यामागचे केस झिजले होते. आपण वाकून बघितलं की ती छताकडे बघायची. रडत मात्र कधीच नसे, म्हणून मी तिच्या तक्त्यावर कौतुकाने ‘शांत’ असं लिहायची. डॉक्टरांच्या मते ती मतिमंद होती. महिन्याभराने पुन्हा तपासून ते कागदावर सही करणार आणि तिची रवानगी लांबच्या एका मोठ्या संस्थेत होणार, असं ठरलं. तिथून कोणी परत आल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आष्ट्याकडची एक मावशी कपडे धुवायला लागली. मुलगा पलटणीत, घरात सून आणि थोडा ऊस. आम्ही एकामागून एक पोरं नळाखाली धरतोय हे तिने पाहिलं आणि म्हणाली, “आवं बाई, लेकरं धुताय का भांडी?”

मला राग आला. मी तिला नियम ऐकवले. तिने ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी बंब पेटवून, लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन, न्हाणीत पाटावर बसली. पसरलेल्या पायांवर ती मुलगी पालथी.

मुलगी लाकडासारखी ताठ. मावशीला घाई नव्हती. पाठीत तेल जिरवत ती तिला घरच्या बातम्या सांगायची. उसाला तोड आली. म्हैस आटली. फौजीचं पत्र न्हाई. वर तक्रार करायची म्हणून मी दारात उभी राहिले ती बघतच राहिले. तक्रार केली नाही.

पंधरा-एक दिवसांनी आंघोळीनंतर मावशीने तिला पाळण्यात ठेवलं आणि ती मोठ्याने रडली. मी धावत जाऊन काखेत थर्मामीटर लावला.

“ताप न्हाई वो,” मावशी हसत म्हणाली. “मी खाली ठिवली म्हणून रडतीया. लय ग्वाड आवाज हाय.”

डॉक्टर आले तेव्हाही ती आधाराशिवाय बसत नव्हती. त्यांनी पेन उघडलं. तेवढ्यात ओल्या हातांची मावशी दारात आली आणि मुलीने तिच्याकडे दोन्ही हात उचलले. डॉक्टर थांबले. त्यांनी मावशीला बाहेर जायला सांगितलं. मुलगी रडायला लागली. आत बोलावलं, गप्प झाली. त्यांनी हे पुन्हा एकदा करून पाहिलं, मग कागद फाडला आणि म्हणाले, “हिला कुठेही पाठवू नका.”

पुढे सगळं भरून निघालं असं मी म्हणणार नाही. ती चालली तिसऱ्या वर्षी, बोलली त्याहून उशिरा. पण चालली. आयुष्यात मी शिकलेली माणसं पुष्कळ पाहिली. त्या अंगठेबहाद्दर बाईइतकं माणसाच्या पोराचं शास्त्र कळलेलं कोणी पाहिलं नाही.

डॉक्टर गेल्यावर मी न्हाणीत गेले. मावशी बंबात लाकडं सारत होती.

“कागुद गेला?”

“गेला, मावशी.”

“मग त्या खिडकीपाशी हाय त्याला आना. पानी तापलंय.”

मी गेले आणि त्याला उचललं. सात महिने झाले होते त्याला येऊन. मी त्याला छातीशी धरलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.