आबांचा उघडा डोळा

आमच्या आबांइतका भित्रा माणूस तापीच्या अलीकडे नव्हता आणि पलीकडेही नव्हता. आबा म्हणजे माझे सासरे. सून सासऱ्याबद्दल असं लिहिते म्हणून नाक मुरडू नका, ते स्वतः चारचौघांत हे कबूल करत. कुत्री, विहिरी, नदीचे उतार, मारके बैल, गरीब बैल, फौजदार, आभाळातले काळे ढग आणि ओळख नसलेली माणसं, एवढ्यांना ते घाबरत. आणि देवाने त्यांना काम नेमून दिलं होतं ते गावोगाव हिंडून ओळख नसलेल्या माणसांना येशूची गोष्ट सांगण्याचं. मिशनने त्यांना उपदेशक नेमलं तेव्हा ते आठ दिवस जेवले नाहीत, असं सासूबाई सांगत. नवव्या दिवशी जेवले आणि निघाले. पुढे तीस वर्षं दर हिवाळ्याला निघत राहिले.

दिवाळी उलटली की मेहरूणच्या आमच्या घराला कुलूप लागे, आणि होळीपर्यंत आमचा संसार बैलगाडीत. राहुटी, बाजाची पेटी, चित्रांची गुंडाळी, क्विनीनची बाटली, पिठाचा डबा, आणि या सगळ्यावर बसलेल्या सासूबाई. त्यांना आम्ही अक्का म्हणत असू. बैल हाकायला आमचे हे. आबा मात्र गाडीत बसत नसत, उलटेल म्हणून. पुढून चालत नसत, बैल शिंग लावतील म्हणून. ते आपले मागून चालत, छत्री मिटून काखेत, धूळ खात. पहूरच्या रस्त्यावर एका शेतकऱ्याला त्यांची दया आली. त्याने आपली गाडी थांबवली आणि म्हणाला, "दमले असाल नाना, या, बसा माझ्या गाडीत." आबा म्हणाले, "उलटली तर?" तो म्हणाला, "तर मी पण पडेन ना." आबांनी यावर बराच विचार केला आणि त्याला सांगितलं, "मग तुम्हीही उतरा." रस्ता ते कायम तिघांना विचारत. तिघांनी तीन रस्ते सांगितले तर घाबरत, आणि तिघांनी एकच सांगितला तर जास्त घाबरत. "आधी बोलून ठेवलेलं दिसतंय," म्हणत.

पण त्यांची खरी कीर्ती होती ती डाव्या डोळ्याची. प्रार्थनेच्या वेळी आम्ही सगळे डोळे मिटत असू, आबाही मिटत, पण एकच. डावा डोळा टक्क उघडा. त्या डोळ्याने ते बैल बघत, आपले जोडे बघत, लांबची कुत्री बघत, आणि सगळ्यात जास्त माझ्या रूथला बघत. ती तेव्हा दोन वर्षांची होती आणि बांधून ठेवल्याशिवाय एका जागी राहत नसे. अक्का एकदा चिडून म्हणाल्या, "अहो, देव सांभाळतो म्हणून लोकांना सांगता, आणि स्वतः पहारा करता?" आबा म्हणाले, "त्याला सगळा खानदेश बघायचा असतो गं. मला एवढी एकच गाडी."

आता माझं सांगते. मी एकोणीस वर्षांची, धुळ्याच्या मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, पवित्र शास्त्राच्या परीक्षेत पहिली आलेली, आणि आपण संतपदाला पोचायला थोडंच राहिलं आहे अशी माझी पक्की समजूत. प्रार्थनेला मी डोळे इतके घट्ट मिटत असे की कपाळाला आठ्या पडत. त्या आठ्या लोकांना दिसाव्यात म्हणून पदर बोटभर मागे सारून घेई. आज नातवंडांना सांगायला हरकत नाही की त्या आठ्या भक्तीच्या नव्हत्या. मी घाबरलेली असे. अनोळखी गावात चारी बाजूंनी माणसं उभी राहत, कुणी हसत, कुणी ढेकूळ मारी. ही माणसं पोरं पळवून नेतात अशी आमच्याबद्दल बोलवा होती, त्यामुळे आम्ही दिसलो की बाया आपली लेकरं ओढून घरात घालत. ते सगळं बघवत नसे म्हणून मी डोळे मिटी. आबांना भीती वाटली की ते डोळा उघडत, मला वाटली की मी दोन्ही मिटी. फरक एवढाच की मी माझ्या भीतीला श्रद्धा म्हणत होते.

एका सकाळी पांझरेच्या काठाने एका नव्या गावाकडे जाताना मी गाडीतून मागे वळून आबांना म्हणाले, "आबा, रागावू नका, पण प्रार्थनेत डोळा उघडा ठेवणं म्हणजे विश्वास कमी पडणं." अक्कांनी मला चिमटा काढला. मला तो उशिरा कळला. आबा मैलभर गाडीमागून धूळ खात चालले. मग म्हणाले, "खरं आहे सूनबाई."

गावात पोचलो. वेशीजवळच्या निंबाला चित्रांची गुंडाळी टांगली, पेटी काढली, गाणं म्हटलं. घरांच्या मातीच्या धाब्यांवर माणसं जमली. समोरच्या दारात एक म्हातारी काठी घेऊन उभी होती. आम्हाला बघताच तिने नातवाला आत लोटून कडी घातली होती. गाणं संपलं, आबांनी हात जोडले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि दोन्ही डोळे मिटले.

एरवी आबांची प्रार्थना चहा उकळायच्या आत आटपे. त्या दिवशी संपेचना. आवाज हळूहळू मऊ होत गेला, मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई, कुणाशी तरी बसून बोलावं तसा. माझ्या आठ्यांना कळ लागली. शेवटी आमेन झालं, मी डोळे उघडले, आणि माझ्या शेजारी रूथचं टोपडं पडलेलं होतं. रूथ नव्हती.

आमच्या यांनी बैल सोडून नदीकडे धाव घेतली, तिथे कडेलाच डोह होता. अक्का शेतांकडे पळाल्या. आणि शास्त्रात पहिली आलेली मी काय केलं? गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. चाकाखाली बघितलं, पिठाच्या डब्यात बघितलं. धाब्यांवरची माणसं नुसती बघत होती. पोरं पळवणाऱ्यांची पोर हरवली, हे त्यांना चटकन समजत नसावं.

तेव्हा मी आबांना पाहिलं. निंबाच्या पलीकडे कठडा नसलेली विहीर होती. विहिरीपासून दहा हात लांब राहणारा तो माणूस तिच्या काठावर पालथा पडला होता, डोकं आत घालून, आणि "रूथ, रूथ" म्हणून पाण्याला विचारत होता. आतून त्यांचाच आवाज परत येत होता. मग ते उठले, आणि छत्री तिथेच टाकून गल्लीत शिरले. गल्लीतली सगळी कुत्री त्यांच्यावर धावली. मी मागे धावले. मला अजून आठवतं, ते कुत्र्यांच्या मधून चालत होते आणि त्यांचं कुत्र्यांकडे लक्षच नव्हतं. धोतराचा सोगा एकाच्या दातांत होता.

"आरे बाबा, आठे शे तुन्ही पोर," असा आवाज आला. काठीवाली म्हातारी. आमचे डोळे मिटलेले असताना रूथ तिच्या मागच्या दाराने आत गेली होती आणि आता चुलीजवळ बसून तिच्या थाळीतली दूधभाकर खात होती. शेजारी कोंडलेला नातू. "भूक लागनी व्हती तिले," म्हातारी म्हणाली.

आबा ओट्यावर मटकन बसले. त्यांचे दात वाजत होते. म्हातारीने विचारलं, "इतला काबर कापी राह्यना तू?"

"मला कुत्र्यांची भीती वाटते, बाई."

"मंग उना काबर?"

का आलो ते सांगायला आबांनी रूथकडे बोट केलं. त्यांनी पाणी मागितलं, तर म्हातारीने त्यांच्या ओंजळीत वरून ओतलं, तांब्या टेकू दिला नाही. रूथ मात्र तिच्याच थाळीत हात घालून बसली होती. पाणी ओतता ओतता म्हातारी मला म्हणाली, "बठ्ठा जण डोया मिटी बठनात, मंग पोरले कोन दखी?" सगळ्यांनीच डोळे मिटले तर पोरीला कोण बघणार, हे बोर्डिंगात कुणी शिकवलं नव्हतं.

परत येताना मी आबांच्या पायाशी वाकले. "चूक माझी," म्हणाले. आबा म्हणाले, "नाही गं. तू सांगितलंस ते बरोबरच होतं. दोन्ही डोळे मिटल्यावर फार बरं वाटलं. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, म्हणून तर एवढा वेळ लागला." आणि मग हळूच, "पण आपल्याला परवडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी निघताना प्रार्थनेला उभे राहिलो, तर म्हातारी काठी टेकत आली. आमच्या देवाशी तिला काही कर्तव्य नव्हतं. ती रूथला कडेवर घेऊन म्हणाली, "मिटा डोया तुम्हीन. पोरले मी दखस." आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही डोळे मिटले. मी मिटले नाहीत. तेव्हापासून मिटलेच नाहीत, आणि माझ्या कपाळावरच्या आठ्याही त्याच दिवशी गेल्या.

शेवटी शेवटी आबांना दिसेनासं झालं. दौरे थांबले होते, रूथ लग्न होऊन गेली होती, मेहरूणच्या ओसरीत हरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी रोज संध्याकाळी प्रार्थनेआधी ते माझ्या दिशेला मान वळवून विचारत, "सूनबाई, तुझा उघडा आहे ना?"

"उघडा आहे, आबा."

"सगळे आहेत?"

मी ओसरीवर नजर फिरवी. अक्कांची रिकामी जागा, हे, मी, आणि ते. "सगळे आहेत," मी म्हणे.

मग ते निवांतपणे आपले दोन्ही डोळे मिटत, आणि त्यांची प्रार्थना लवकर संपत नसे.