शोभाताईंचे दोन सतरा नंबर

"बाईने एकच नंबर दोन गठ्ठ्यांना लावला. बोल दिया, कलसे मत आना," उल्हासनगरच्या जीन्स कारखान्याचे शेठ मला म्हणाले. समोर जेंट्स पँटींचा ढीग, ब्लीच होऊन पांढराफटक. ब्लीच करायचा होता लेडीजचा सतरा नंबर गठ्ठा. धुलाईवाल्याने फक्त नंबर बघितला आणि उचलला जेंट्सचा सतरा.

टॅग लावणाऱ्या शोभाताई विठ्ठलवाडीच्या. घर त्यांच्या पगारावर. "सतरा मी दोनदा लावला, कारण मशीनने दोनदा दिला," त्या म्हणाल्या.

नंबर देणारा प्रोग्राम माझा. "मशीन कशी चुकेल, ताई?" मी ऐटीत म्हणालो. आजही आठवलं की लाज वाटते.

त्यांनी वाद घातला नाही. प्रोग्राम बंद करून परत चालू केला. रोज सकाळी असा चालू केला की नंबर एकपासून सुरू व्हायचे. त्यांनी जेंट्सचा टॅग काढला. एक. लेडीजचा काढला. तोही एक.

"घ्या!"

माझा चेहरा त्या पँटींसारखा पांढरा पडला.

गेल्याच आठवड्यापर्यंत हा प्रोग्राम नीट चालत होता. पण दोन हजार सहा-सातचे दिवस, सी शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत जेनेरिक्स ही सोय नवीन, आणि ती वापरायची मला मेली खाज! सगळ्या टॅगचं सामाईक काम बेस क्लासमध्ये, म्हणजे मूळ साच्यात असतं, त्यावरून जेंट्स आणि लेडीजचे क्लास बनतात. मी तो बेस क्लास जेनेरिक केला, म्हणजे 'कुठला माल' ही जागा रिकामी ठेवली. नंबर मोजणारं फील्ड स्टॅटिक, म्हणजे क्लासला एकच. मला वाटलं, अख्ख्या चाळीला एक पाण्याची टाकी, तसं. पण रिकाम्या जागी जेंट्स भरलं की कॉम्प्युटर एक क्लास धरतो, लेडीज भरलं की दुसराच. ज्याची त्याची टाकी वेगळी.

उपाय सोपा होता. जेनेरिकच्या वर एक साधा क्लास केला आणि नंबर तिथे नेऊन ठेवला. जेंट्स एक, लेडीज दोन.

अवघड काम पुढेच होतं. "शेठ, चूक माझी. ताईंची नाही."

"अरे, तूच बोलला ना, मशीन बरोबर आहे!"

"बोललो. गाढवपणा केला."

शेठनी ढिगाकडे पाहिलं, मग शोभाताईंकडे. "बाई, कल टाईमपे आना."

त्यानंतर मी कधीही नवीन व्हर्जन टाकलं, की शोभाताई आधी एक जेंट्स आणि एक लेडीज टॅग काढून बघायच्या. मला चहा त्यानंतर मिळायचा.